तोंडाला फेस असेतोवर

सन दोन हजार नऊ, महिना नोव्हेंबर, ऋतू हिवाळ्याच्या आरंभाचा. सकाळी आरसा ओल्या फडक्याने पुसला की त्यावर क्षणभर धूसर साय राहावी, इतपत थंडी. मी एका केशकर्तनालयातील खुर्ची बोलते आहे. मला सांगावयाचे आहे ते त्या महिन्यातील एका आठवड्याविषयी. कारण त्या आठवड्यात, समुद्रापलीकडे कोठेतरी होणाऱ्या मोटारींच्या एका शर्यतीवर माझे उरलेले आयुष्य टांगलेले होते.

परंतु कोणतीही हकिगत मधूनच सुरू करणे शिष्टपणाचे नव्हे. म्हणून आधी माझा परिचय.

माझा सांगाडा ओतीव लोखंडाचा. तो ओतणाऱ्यांनी मला घडवताना एकमेकांना पुष्कळ शिव्या दिल्या. त्या मी विसरले आहे. सुताराने मला दोन रुंद लाकडी हात बसवले. गादीकाराने आसनात स्प्रिंगा भरून वर तपकिरी चामडे ताणले, शेवटचा बारीक खिळा ठोकला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले, "जा, लोकांची डोकी सांभाळ." हा उपदेश मात्र माझ्या मनावर कोरला गेला. पुढे हजारो डोकी माझ्या उशीवर टेकली. त्यांपैकी एकही मी खाली पडू दिले नाही.

माझे मालक तेव्हा तरुण होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि ते म्हणवून घेत. दुकान म्हणजे एक खोली, एक आरसा, एक खुर्ची आणि भिंतीलगत वाट पाहणाऱ्यांचा बाक. कामाची शिस्त कडक. वस्तरा पट्ट्यावर किती वेळा ओढायचा, टॉवेल कोणत्या बाजूने घडी घालायचा, सगळे ठरलेले. स्वतः उस्ताद माझ्यावर कधी बसले नाहीत. हलवाई आपली मिठाई खात नाही, तसेच हे. "ती गिऱ्हाइकाची जागा," ते म्हणत. आणि दुपारी पाय भरून आले तरी ते कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकत.

त्यांची लेक ठकी माझ्याच देखत मोठी झाली. लहानपणी तिचे केस कापताना ते माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून तीवर तिला बसवीत. ती पाय हलवी आणि तिच्या टाचा माझ्या चामड्यावर टपटप वाजत. पुढे तिने वडिलांचीच कात्री हाती घेतली. तिचा हात सफाईदार आहे, हे उस्ताद सोडून सर्वांनी तिच्या तोंडावर सांगितले. उस्तादांनी ते तिच्या पाठीमागे सर्वांना सांगितले.

शर्यतींचे वेड दुकानात टीव्हीबरोबर शिरले. कोपऱ्यात उंचावर तो टांगला गेला आणि बाकाची माणसे बदलली. पूर्वी तेथे वाट पाहणारे बसत. आता मत असणारे बसू लागले. त्यांत दोघे कायमचे. एक शेजारच्या गॅरेजमधला फिटर. गाडीचा आवाज ऐकून तिचा आजार सांगतो, असा त्याचा लौकिक होता, आणि तो पसरवणाराही तोच होता. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर. इस्त्रीचा सदरा, आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरण्याची सवय.

ह्या मंडळींनी शर्यतपटूंची मूळ नावे कधी घेतली नाहीत. एक वयस्क शर्यतपटू जिंकला तरी मुलाखतीत दोन शब्दांपलीकडे बोलत नसे. तो झाला मौनी. दुसरा तरुण, प्रत्येक वळणावर अंगावर धावून जाणारा, तो गडगड्या. उस्ताद आणि पोस्टमास्तर मौनीचे. ठकी आणि फिटर गडगड्याचे.

एकदा पोस्टमास्तरांची दाढी चालू असताना मौनीने टीव्हीवर कोणाला तरी मागे टाकले. "घेतलं, घेतलं!" म्हणून पोस्टमास्तरांनी मान वळवली आणि वस्तऱ्याची खूण त्यांच्या हनुवटीवर कायमची राहिली. उस्तादांनी तुरटी लावली आणि तेथल्या तेथे कायदा केला. तोंडाला फेस असेतोवर गिऱ्हाइकाने बोलायचे नाही, मान हलवायची नाही, हूं की चूं करायचे नाही. बाकीच्यांनी त्याला काय वाटेल ते बोलावे.

ह्या कायद्याने दुकानात विलक्षण अदब आली. शर्यतीच्या आठवड्यात कोणीही माझ्याकडे घाईने येईना. "आधी तुम्ही बसा." "छे, छे, तुमचा मान पहिला." "अहो, मला मुळीच घाई नाही." बसल्यावर मात्र प्रत्येक जण चुळबुळ करी. उजव्या अंगावर कलून, ओठ आवळून, डोळे छताला लावून बसे. प्रतिपक्ष बोलतो आहे आणि उत्तर देता येत नाही, ह्याची ती तडफड. मी ती जाणत होते, आणि माझ्यासारखीच्या मांडीवर बसून माणसे इतकी हळवी होतात, ह्याचा मला अभिमानही वाटे.

तर आता तो आठवडा. वर्षाची शेवटची शर्यत रविवारी होती आणि अजिंक्यपदाचा निकाल तीवरच लागणार होता. गुरुवारी संध्याकाळी फिटर आग्रहाला बळी पडून माझ्यावर बसला, आणि उस्तादांनी त्याच्या तोंडाला फेस लावताच पोस्टमास्तरांनी घसा खाकरला.

"मौनी अजून पुढे आहे, तीन गुणांनी," ते म्हणाले. "हे काही मी माझ्या मनचं सांगत नाही."

"पुढे आहे की पुढे होता?" ठकी ब्रश धूत म्हणाली. "मागच्या तीन शर्यतींत काय दिवे लावले त्याने? एकदा टायर फुटला, एकदा इंजिन बसलं, एकदा रडतखडत चौथा. आणि गडगड्याने तिन्ही मारल्या."

"टायर फुटला ह्यात त्याचा काय दोष?"

"टायर जपायचे कुणी? मी?"

फिटरने फेसाआडून बोट वर केले.

"बघा, ह्याला काही सांगायचंय," पोस्टमास्तर म्हणाले. "काय रे, शाळेत आहेस का? करंगळी तर नाही ना ती?"

बाक हसून हलला. फिटर उजवीकडे कलला आणि छताकडे पाहू लागला.

"हसा तुम्ही," उस्ताद वस्तरा पुसत म्हणाले. "पण त्या पोराला शर्यत जिंकायचीय आणि मौनीला अजिंक्यपद. दोन्ही निराळी कामं आहेत. गडगड्या पहिला येईना का, दहा गुण त्याला, दुसऱ्याला आठ. मौनीने त्याच्या मागे दुसरं यायचं, बस. झाला अजिंक्य."

"आणि तिसरा आला तर?"

"तर सहाच गुण. संपलं."

"मग तिसराच येणार. बाबा, त्याची गाडी बघा की. वळणावर मागून कशी डुलते. जुनी झाली ती."

"गाडी जुनी नाही. तिला हात लागतो तसा."

"हेच तुम्ही ह्या खुर्चीबद्दल म्हणता," ठकी म्हणाली.

हसणे थांबले. ब्रश तिने पेल्यात ठेवला, उभा, दांडी सरळ, वडिलांनी शिकवला होता तसा.

"स्टेशनजवळच्या सलूनवाल्यांनी परत विचारलंय, कामाला येतेस का म्हणून. सोमवारी उत्तर हवंय त्यांना. तिथे मागे पूर्ण झुकणाऱ्या खुर्च्या आहेत. केस धुवायला बेसिन आहे. इथे कुणाचे केस धुवायचे तर मी एका हाताने मान धरते आणि दुसऱ्या हाताने तांब्या. मला जायचं नाहीये, बाबा. पण मला शिकलेलं काम करायचंय. नवी खुर्ची आणा, मी कुठे जात नाही."

"ह्या खुर्चीला काय झालंय?" उस्तादांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत एका माणसाने तिच्याविरुद्ध शब्द काढलेला नाही. विचार ह्यांना. विचार ना!"

पोस्टमास्तरांनी सदऱ्याची गुंडी तपासली. फिटरच्या तोंडाला फेस होता. एकाच्याही मुखातून माझ्याविरुद्ध ब्र निघाला नाही, आणि त्या क्षणी मला जे समाधान वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही.

फिटरचे तोंड पुसले गेले तसा तो मध्ये पडला. भांडण मिटवण्यासाठी त्याने जे केले त्याने भांडण पक्के झाले. "अहो, वाद कशाला? रविवारी ठरवून टाका. गडगड्या अजिंक्य झाला तर नवी खुर्ची. मौनी झाला तर हीच राहील."

हे त्याने हसत म्हटले होते. परंतु बापलेक हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"ठरलं," उस्ताद म्हणाले.

"ठरलं," ठकी म्हणाली. "पण मौनी झाला, तर सोमवारी मी त्यांना हो म्हणणार. मग म्हणू नका, पोरीने सांगितलं नव्हतं. आणि अजून एक अट. शर्यत लागली की तुम्ही दुकान डोक्यावर घेता. निदान ही शर्यत मला निवांत बघू द्या. शेवटी शेवटी तुम्ही बसायचं ह्या खुर्चीत, फेस लावून. दाढी मी करीन."

"गिऱ्हाइकाच्या खुर्चीत? मी?"

"कायदा तुमचाच आहे."

बाकावरून टाळ्या पडल्या. पोस्टमास्तरसुद्धा, मौनीचे असून, टाळ्या वाजवीत होते. उस्तादांनी खांदे उडवले. ती त्यांची संमती.

मी मात्र त्या संध्याकाळी दोन डगरींवर पाय ठेवून उभी होते. मौनी अजिंक्य व्हावा, म्हणजे मी राहीन. पण मग ती जाईल. गडगड्या व्हावा, म्हणजे ती राहील. पण मग मी भंगारात. जिच्या टाचा माझ्या चामड्यावर वाजल्या, तिच्या जाण्यावर माझे राहणे अवलंबून असावे, हे मला रुचत नव्हते. परंतु लोखंडाला भंगाराची भीती असते, हेही मी लपवीत नाही.

शुक्रवारी सराव झाला. गडगड्या सर्वांत वेगवान. शनिवारच्या पात्रता फेरीत तो पहिला आणि मौनी पाचवा. फिटर गॅरेजमधून धावत सांगायला आला, "पाचवा! उस्ताद, पाचवा!" आणि तसाच धावत परत गेला.

त्या दिवशी दुकान आवरताना पोस्टमास्तर मागे राहिले. उस्ताद गुडघे टेकून माझ्या फिरत्या बैठकीला तेल घालीत होते.

"काय व्हावंसं वाटतंय तुम्हाला?" पोस्टमास्तरांनी विचारले.

"मौनीवर पंधरा वर्षं जीव लावलाय. त्याचं हे शेवटचं वर्ष. तो हरावा असं मी कसं म्हणू?" उस्तादांनी तेलाचा थेंब बोटाने पुसला. "आणि तो जिंकला, की सोमवारी ठकी कात्र्या गुंडाळून निघाली. आधी तिची आई म्हणायची, पोरगी दुकानात नको. मीच हट्टाने आणली. माझ्यानंतर हा आरसा पुसायला कुणीतरी हवं म्हणून आणली."

"मग पैज मागे घ्या."

"चार माणसांत दिलेला शब्द आहे."

पोस्टमास्तरांनी घसा खाकरला, माझ्याकडे पाहिले, काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. "रविवारी भेटू," एवढेच म्हणून ते गेले.

रविवारी दुपारी दुकान माणसांनी भरले. बाकावर जागा उरली नाही, तेव्हा लोक दारात उभे राहिले. निम्मी शर्यत होईपर्यंत उस्ताद भिंतीला टेकून उभे होते आणि दुकान खरोखरच डोक्यावर घेत होते. मग ठकीने टॉवेल झटकला.

"बसा, बाबा."

ते बसले. माझ्या सबंध आयुष्यात प्रथमच. ज्या हातांनी मला रोज पुसले, ते हात माझ्या हातांवर विसावले. मी माझे सर्व बळ एकवटून त्यांना आधार दिला. ठकीने ब्रश फिरवला. गालांवर, हनुवटीवर, ओठांच्या कडेपर्यंत पांढरा, घट्ट फेस. उस्तादांचे बोलणे बंद झाले आणि दुकानात टीव्हीचा आवाज प्रथमच नीट ऐकू आला.

गडगड्या सर्वांच्या पुढे होता आणि आणखी पुढे जात होता. मौनी चौथा. पुढच्याचा टायर निकामी झाला, तसा तो तिसरा. मग कितीतरी फेऱ्या तिसराच.

"तिसरा म्हणजे संपलं, नाही का हो?" दारातल्या कोणीतरी विचारले.

"संपलंच," फिटर म्हणाला. "गाडी डुलतेय बघा. उस्ताद, काय म्हणता? काही म्हणत का नाही?"

उस्तादांची चुळबुळ सुरू झाली. ते उजवीकडे कलले. डोळे त्यांनी छताला लावले, मग टीव्हीला, मग पुन्हा छताला. तीच तडफड! मी ओळखली. इतर गिऱ्हाइके एक दाढी होईतोवरच सोसत. उस्तादांना मात्र ठकी सोडीना. वस्तऱ्याचे दोन हात फिरवी आणि शर्यत रंगली की थांबे. तेवढ्यात फेस वाळे आणि ती पुन्हा ब्रश फिरवी. एक बाजू गुळगुळीत, दुसरी बाजू ढगासारखी.

शेवटची फेरी आली. मौनी दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीला चिकटून होता. वळण आले, त्याने काही केले नाही. दुसरे वळण आले, तरी नाही. ठकीने वस्तरा खाली ठेवला. तिसऱ्या वळणाला पुढची गाडी किंचित बाहेर सरकली, आणि त्या काड्यापेटीएवढ्या फटीतून मौनी आत शिरला. अंग न घासता. जणू दार त्याच्यासाठीच कोणी उघडून धरले होते.

शर्यत संपल्याचा चौकटींचा झेंडा हलला. गडगड्या पहिला, मौनी दुसरा.

"जिंकला! गडगड्या जिंकला!" फिटर ओरडला.

"अजिंक्यपद मौनीचं!" पोस्टमास्तर ओरडले, घसा न खाकरता. दोन्ही पक्षांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, कारण दोघांचेही खरे होते. मग एकेकाला पैज आठवली. मिठ्या सुटल्या. सगळ्यांची दृष्टी माझ्याकडे, म्हणजे उस्तादांकडे वळली.

त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता. कायदा त्यांचाच होता.

ठकीने वस्तरा उचलला, पट्ट्यावर ओढला आणि उरलेली बाजू करू लागली. घाई नाही, राग नाही. कानापासून हनुवटीपर्यंत सरळ हात, मग जबड्याखाली, मग ओठांच्या कोपऱ्यात.   शेवटी तिने ओला टॉवेल दाबला, कोरडा फिरवला, आणि दोन पावले मागे झाली.

उस्तादांनी गालावरून हात फिरवला. मौनीचे नाव घेतले नाही, पैजेचे घेतले नाही. ते ताडकन उठले, वळले आणि माझ्या आसनाकडे बोट दाखवून म्हणाले,

"हिच्यात खिळा कुणी ठोकलाय?"

बाकावरची माणसे आपापल्या पायांकडे पाहू लागली.

"इथे, डाव्या बाजूला. मघापासून टोचतंय. मांडीची चाळण झाली माझी!"

पोस्टमास्तरांनी घसा खाकरला. "खिळा नाही तो. स्प्रिंग आहे. जुनीच आहे. आम्ही उजवीकडे सरकून बसतो."

"जुनी म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हनुवटीवर ही खूण आली, त्याच्याही आधीची."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

पोस्टमास्तरांनी फिटरकडे पाहिले, फिटरने पोस्टमास्तरांकडे. अखेर फिटर म्हणाला,

"तोंडाला फेस होता, उस्ताद."

"आणि फेस पुसल्यावर?"

"फेस पुसल्यावर शर्यतीचं बोलायचं असायचं."

 मग प्रथम ठकी हसली, तोंडावर टॉवेल धरून. मग दार, मग बाक, आणि सर्वांच्या शेवटी, स्वतःच्या मांडीवर हात चोळत, उस्ताद.

मी हसले नाही. घोरणाऱ्याला आपले घोरणे ऐकू येत नाही. लोखंडालाही आपले टोक कळत नाही. ती सारी चुळबुळ, ते उजवीकडे कलणे, ती "आधी तुम्ही बसा"ची अदब! ज्याला मी माझा सन्मान समजत होते, तो माणसांचा भिडस्तपणा होता. मला वाईट वाटले. परंतु खरे सांगायचे तर थोडे हलकेही वाटले.

"पैज कोण जिंकलं?" उस्तादांनी विचारले.

"तुम्ही," ठकी म्हणाली. तिचे हसू उतरले.

"म्हणजे खुर्ची राहणार. शब्द तो शब्द." त्यांनी माझा हात धरून मला हलवून पाहिले. "पण ती आरशासमोरच राहणार, असं कुणी म्हटलं होतं का? फिटर, तू म्हणाला होतास?"

"मी? छे!"

"पोस्टमास्तर?"

"माझ्या स्मरणात नाही," पोस्टमास्तर गंभीरपणे म्हणाले.

"मग ही टीव्हीखाली. आणि आरशासमोर तुला हवी ती आण, ठके. मागे पूर्ण झुकणारी. बेसिनही लावू. पण बसून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. आणि तसल्या खुर्चीत बसणाऱ्या गिऱ्हाइकाला विचार, त्याच्या तोंडाला फेस नसेल तेव्हा."

ठकीने टॉवेलची घडी घातली, ठरलेल्या बाजूने, आणि ती पुन्हा उलगडून पुन्हा घातली. "उद्या स्टेशनवाल्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

"कळव. आणि दाढी..." उस्तादांनी आरशात गाल डावी-उजवीकडे वळवून पाहिला. "दाढी बरी केलीस."

त्यांच्या तोंडून तिच्या तोंडावर निघालेली ती पहिली प्रशंसा. फिटरने ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा उच्चारली.

माणसे पांगण्याआधीच माझे काम झाले. फिटरने गॅरेजमधून पक्कड आणली, माझे चामडे उसवले आणि ती मोडकी स्प्रिंग ओढून काढली. पोस्टमास्तरांनी ती हातात घेऊन निरखली आणि जुन्या शत्रूला ओळख द्यावी तशी मान हलवली. मग चौघांनी मला उचलून टीव्हीखालच्या भिंतीशी, बाकासमोर नेऊन ठेवले. आरशाकडे माझी पाठ झाली. आयुष्यभर मी फक्त माणसांची प्रतिबिंबे पाहिली. आता माणसे पाहणार होते.

"बसा, पोस्टमास्तर," उस्ताद म्हणाले. "आधी तुम्ही."

पोस्टमास्तर जपून बसले. उजवीकडे कलले, मग थांबले, आणि हळूच सरळ झाले. पाठ टेकली. दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांवर ठेवले, आणि घसा खाकरला.

"आता मौनी गेला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी गडगड्याला अडवणार कोण, हे मी सांगतो."

"सांगा ना, आम्ही ऐकतोय," ठकी म्हणाली. ती आरशासमोरच्या रिकाम्या जागेवर उभी राहून पावलांनी नव्या खुर्चीचे माप घेत होती.

माझ्यावर बसून कोणी मनसोक्त बोलत आहे, हे मी त्या दिवशी प्रथम अनुभवले. तुम्हांला माझी एकच विनंती. कोणाच्या घरी, कोणाच्या दुकानात बसलात आणि काही टोचले, तर सांगा. आम्हां खुर्च्यांना राग येत नाही. शर्यतीचे बोलणे त्यानंतरही होते. ते पोस्टमास्तर त्या रविवारी दिवेलागणीपर्यंत करीत होते, आणि एकदाही उजवीकडे सरकले नाहीत.